मोत्यालाही सहलीला न्यायचे आहे?

थंडीच्या दिवसांत नदीकाठी तंबू ठोकून राहण्याची मजा घरातल्या कुत्र्यालाही घेऊ द्यावी, असे मुलांना वाटते. पण जंगल म्हणजे घराचे अंगण नव्हे. त्याला न्यायचे की नाही आणि नेले तर काय काळजी घ्यायची?

दिवाळी आटोपली की जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यासारख्या जुन्या वस्तीतही सहलीचे बेत शिजू लागतात. पाऊस संपलेला असतो, नर्मदेचे पाणी निवळलेले असते आणि रात्री गुलाबी थंडी पडू लागते. भेडाघाट शहरापासून जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर. बरगीचा विस्तीर्ण जलाशय तास-दीड तासाच्या अंतरावर. दोन दिवसांची सुट्टी जोडून आली की तंबू, पांघरुणे, स्टोव्ह आणि शिधा गाडीत भरून बाहेर पडावे, असे कोणालाही वाटते. सगळे ठरते आणि मग घरातले एखादे मूल हळूच विचारते, "आणि मोत्याचे काय?"

इथून घरात दोन पक्ष पडतात. मुलांचे म्हणणे असते की वर्षभर गल्लीत, ओट्यावर आणि गच्चीवर कोंडून राहणाऱ्या मोत्याला एकदा तरी मोकळ्या रानात हुंदडू द्यावे. आजी म्हणते, "त्या मुक्या जिवाला कशाला नेता जंगलात? राहील शेजारी." गंमत अशी की दोन्ही पक्षांचे म्हणणे आपापल्या जागी बरोबर असते. कुत्र्याला माणसांचा सहवास हवा असतो आणि घरच्या मंडळींबरोबर राहायला मिळाले की तो खूश असतो. पण जंगलातले धोके त्याला कळत नाहीत. ते त्याच्या वतीने आपल्यालाच ओळखावे लागतात.

म्हणून निर्णय घेण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारावा. मोत्याला न्यायचे ते त्याच्यासाठी की आपल्या हौसेसाठी? दोन दिवस त्याच्यावर लक्ष ठेवण्याची तयारी असेल तरच त्याला न्यावे. ती नसेल तर घरी ठेवण्यातच त्याच्यावरचे खरे प्रेम आहे.

धनगराचा कुत्रा आणि आपला मोत्या

कुत्र्याबरोबर उघड्यावर मुक्काम करणे ही काही परदेशातून आलेली नवी कल्पना नाही. पश्चिम महाराष्ट्रातले मेंढपाळ धनगर पावसाळा संपला की मेंढ्या, घोडी आणि कुत्री घेऊन घराबाहेर पडतात आणि पुढचा पावसाळा येईपर्यंत शेताशेतांतून तळ ठोकत फिरतात. रात्री मेंढ्यांच्या वाड्याभोवती लांडग्यापासून राखण करतात ती ही कुत्रीच. मध्य भारतातून बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहून नेणाऱ्या बंजाऱ्यांच्या तांड्यांबरोबरही कुत्री असत.

मात्र यातून चुकीचा निष्कर्ष काढू नये. धनगराच्या कुत्र्याचा जन्मच तळावर होतो. पिल्लू असल्यापासून ते मोठ्या कुत्र्यांकडून शिकते. कशावर भुंकायचे, कुठे थांबायचे, रात्री कुठे बसायचे, हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. शिवाय तिथे तीन-चार कुत्री एकमेकांच्या साथीला असतात. गादीवर झोपणारा, वेळेवर पोळी-दूध खाणारा आपला मोत्या त्याच जातीचा असला, तरी त्याने हे शिक्षण घेतलेले नसते. त्याला ते थोडे थोडे द्यावे लागते.

कोणाला न्यावे, कोणाला नाही

सगळ्याच कुत्र्यांना अशी सहल मानवत नाही. चार महिन्यांच्या आतल्या पिल्लाच्या लसी बहुधा पूर्ण झालेल्या नसतात, त्याला नेऊ नये. गाभण किंवा माजावर आलेली कुत्री, हृदयाचा किंवा सांध्यांचा त्रास असलेला म्हातारा कुत्रा यांना घरीच ठेवावे. माजावर आलेल्या कुत्रीमागे आसपासच्या खेड्यांतली कुत्री रात्रभर तंबूभोवती गोळा होतात आणि कोणालाच झोप लागत नाही.

पग, बॉक्सर यांसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना नीट श्वास घेता येत नाही, त्यामुळे ती उन्हात लवकर गळून जातात. पामेरेनियनसारख्या केसाळ कुत्र्यांच्या अंगात कुसळे आणि गोचीड अडकतात. हाउंड जातीची कुत्री ससा किंवा हरीण दिसले की मालकाची हाक विसरून धाव घेतात. त्या मानाने आपली देशी कुत्री काटक असतात आणि इथली हवा त्यांना मानवते. पण काटक असली तरी त्यांना मोकळे सोडावे, असे नाही.

स्वभावही पाहावा. फटाक्यांच्या आवाजाने पलंगाखाली दडणारा, अनोळखी माणसाच्या अंगावर जाणारा किंवा हाक मारल्यावर परत न येणारा कुत्रा अजून सहलीला तयार नाही, असे समजावे.

मनीला घरीच राहू द्या

मांजराची गोष्ट वेगळी आहे. कुत्रा माणसांच्या मागे येतो, मांजराचा जीव जागेत गुंतलेला असतो. ओळखीचे कोपरे, ओळखीचे वास आणि उंचावरची आपली ठरलेली जागा असली की ते निर्धास्त असते. अनोळखी माळावर नेलेले मांजर घाबरून एकदा का झुडपात शिरले की मालकाची हाक ऐकूनही बाहेर येत नाही.

लहानपणापासून अंगपट्ट्याची आणि पिंजऱ्याची सवय असलेली काही मांजरे प्रवास छान सहन करतात. पण असे मांजर अपवादात्मक. एरवी मनीला तिच्याच घरात ठेवावे आणि सकाळ-संध्याकाळ दूध, खाणे आणि पाणी देण्याचे काम विश्वासू शेजाऱ्यावर सोपवावे. जुन्या वाड्यांतून आणि गल्ल्यांतून शेजाऱ्यांना एकमेकांची मांजरे ठाऊक असतात, हा तिथल्या राहणीचा मोठा फायदा आहे.

अभयारण्यात कुत्र्याला जागा नाही

जबलपूरहून कान्हा, बांधवगड आणि पेंच ही तिन्ही राष्ट्रीय उद्याने काही तासांच्या अंतरावर आहेत. त्यामुळे सहल म्हटली की पहिली नावे तीच येतात. पण राष्ट्रीय उद्यानात आणि व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रात पाळीव कुत्रा नेता येत नाही. काही जणांना हा नियम जाचक वाटतो. त्यामागचे कारण कळले तर तसे वाटणार नाही.

कुत्र्यांना होणारा डिस्टेंपर हा विषाणुजन्य रोग वाघ-सिंहांनाही होतो. १९९४ मध्ये आफ्रिकेतल्या सेरेनगेटीच्या जंगलात या रोगाची साथ आली आणि तिथले जवळजवळ एक तृतीयांश सिंह मेले. आसपासच्या वस्त्यांतल्या कुत्र्यांमधून विषाणू पसरल्याचे शास्त्रज्ञांचे मत झाले. २०१८ मध्ये गुजरातच्या गीर जंगलात काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हाही तपासणीत डिस्टेंपरचा विषाणू सापडला. आपला कुत्रा वरून धडधाकट दिसत असला तरी तो रोग बरोबर नेत नसेल, याची खात्री कोण देणार?

म्हणून कुत्र्याला घेऊन जायचे असेल तर राष्ट्रीय उद्यानाचा बेत वेगळा ठेवावा. राखीव वनात वनखात्याच्या परवानगीशिवाय रात्रीचा मुक्काम करता येत नाही, हेही लक्षात ठेवावे. जलाशयाकाठची खासगी जागा, ओळखीच्या शेतकऱ्याचे शेत किंवा पाळीव प्राण्यांना परवानगी देणारे विश्रामस्थान निवडणे सगळ्यांत चांगले. जागा ठरवतानाच "बरोबर कुत्रा आहे" असे स्पष्ट सांगावे. तिथे पोहोचल्यावर वाद घालत बसण्यापेक्षा आधी विचारलेले बरे.

रात्र बिबट्याची असते

जबलपूरच्या आसपासच्या टेकड्यांत आणि झाडीत बिबटे आहेत. बिबट्याला कुत्रा किती प्रिय आहे, हे महाराष्ट्रात झालेल्या एका अभ्यासातून पुढे आले. अकोले तालुक्यात (पूर्वीचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा) उसाच्या शेतांत राहणाऱ्या बिबट्यांच्या विष्ठेची विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासणी केली. या बिबट्यांच्या खाण्यात, वजनाच्या हिशेबाने, सर्वांत मोठा वाटा पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा निघाला, सुमारे ३९ टक्के. मांजरांचा वाटा १५ टक्के होता. शेळ्या-मेंढ्या त्याच्याही मागे होत्या.

याचा अर्थ सरळ आहे. जंगलाजवळ तंबूबाहेर बांधून ठेवलेला कुत्रा राखण करत नाही, तो बिबट्याला बोलावणे धाडतो. बांधलेला असल्यामुळे त्याला पळताही येत नाही. "कुत्रा बाहेर असला म्हणजे आपण निश्चिंत झोपू," असा विचार कोणी करत असेल तर तो साफ चुकीचा आहे. दिवस मावळण्यापूर्वी कुत्र्याला फिरवून आणावे आणि त्यानंतर तो तंबूत, खोलीत किंवा बंद गाडीजवळ माणसांच्या मध्ये असावा. रात्री त्याला लघवीला न्यावेच लागले तर दोघांनी मिळून, हातात विजेरी घेऊन, साखळी आखूड धरून आणि तंबूपासून लांब न जाता न्यावे.

रात्री कुत्रा एकाएकी गुरगुरू लागला, त्याच्या पाठीवरचे केस उभे राहिले आणि तो अंधारात एकटक पाहू लागला, तर त्याला रागावू नये आणि "जा, बघ" म्हणून सोडूही नये. विजेरीचा प्रकाश टाकावा, मोठ्याने बोलावे आणि त्याला आत घ्यावे.

पाणी, मगर आणि मधमाशा

नर्मदा पाहून कुत्र्याला पाण्यात उतरावेसे वाटणारच. पण भेडाघाटला धुवांधारच्या वरच्या अंगाला पाण्याची ओढ जबरदस्त असते आणि तिथले संगमरवरी खडक ओले झाले की निसरडे होतात. तिथे कुत्र्याला साखळीशिवाय नेऊच नये आणि साखळीही मुलाच्या हातात देऊ नये. घसरणाऱ्या कुत्र्याबरोबर मूलही ओढले जाते. १९९० मध्ये पूर्ण झालेल्या बरगी धरणातून पाणी सोडले की खालच्या घाटांवर पातळी वाढते, म्हणून पात्रातल्या वाळूवर तंबू कधीच ठोकू नये.

शहराजवळच्या परियट नदीत आणि जलाशयात मगरी आहेत. अशा ठिकाणी पाण्याच्या कडेला पाणी पिणारा कुत्रा मगरीला सोपे भक्ष्य वाटतो. स्थानिक माणसांना विचारल्याशिवाय कोणत्याही तळ्यात किंवा डोहात कुत्र्याला उतरवू नये. साचलेल्या पाण्यावर हिरवा तवंग असेल तर ते पाणी त्याला पिऊही देऊ नये. काही प्रकारचे शेवाळ कुत्र्यांना विषारी असते.

भेडाघाटच्या कड्यांवर आग्या मधमाश्यांची मोठाली पोळी असतात. या माश्या चिडल्या तर काय होते, याची हकिगत कॅप्टन जेम्स फॉर्साइथ या इंग्रज अधिकाऱ्याने मध्य भारतातल्या जंगलांवर लिहिलेल्या, १८७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात आहे. इथे पाहणीसाठी आलेल्या दोन इंग्रज अभियंत्यांवर माश्या तुटून पडल्या आणि त्यांच्यापासून वाचण्यासाठी पाण्यात उडी घेतलेला एक जण बुडून मेला. तेव्हा कड्यांजवळ शेकोटी, धूर, फटाके आणि मोठे आवाज टाळावेत. भुंकत धावणाऱ्या कुत्र्यालाही तिथून दूर ठेवावे.

महिनाभर आधीची तयारी

सहलीची तयारी आदल्या रात्री होत नाही, निदान महिनाभर आधी सुरू करावी. पहिले काम म्हणजे पशुवैद्याकडे जाणे. जबलपूरकरांना याची सोय शहरातच आहे. इथले पशुवैद्यकीय महाविद्यालय १९४८ पासून चालू आहे आणि २००९ मध्ये स्थापन झालेले नानाजी देशमुख पशुचिकित्सा विज्ञान विश्वविद्यालयही याच शहरात आहे. रेबीजची लस दर वर्षी दिली आहे ना, ते पाहावे. डिस्टेंपर, पार्वो, कावीळ आणि लेप्टोस्पायरोसिस यांवरची एकत्रित लस राहिली असेल तर ती घ्यावी. लस दिल्या दिवशीच तिचा परिणाम होत नाही, त्यासाठी दोन-तीन आठवडे जावे लागतात. जंताचे औषध आणि गोचिडांवरचे औषधही डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावे.

दुसरे काम सवयीचे. घराच्या गच्चीवर तंबू उभारावा आणि मोत्याला त्यात आपल्या शेजारी झोपू द्यावे. दीक्षितपुऱ्यातल्या दाटीवाटीच्या घरांतही गच्ची ही एक मोकळी जागा असते. पहिल्या रात्री तो कुरकुर करील, तंबूचे कापड ओरबाडील, पण दोन-तीन वेळा असे केले की त्याला ती आपली जागा वाटू लागेल. त्यानंतर एका रविवारी त्याला दिवसभरासाठी नदीकाठी नेऊन आणावे. तिथे तो कसा वागतो ते पाहून मगच रात्रीच्या मुक्कामाचे ठरवावे.

तिसरे काम शिक्षणाचे. "ये", "थांब" आणि "सोड" हे तीन शब्द त्याला पक्के यायला हवेत. "सोड" हा शब्द सर्वांत उपयोगी. मेलेला पक्षी, विषारी आमिष किंवा साप तोंडात धरण्यापूर्वी तो थांबला तर त्याचा जीव वाचतो. घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरावा. बाबांनी "इकडे ये" आणि ताईने "चल रे" म्हटले की कुत्र्याचा गोंधळ उडतो.

गाडीत आणि रेल्वेत

निघण्यापूर्वी तीन-चार तास कुत्र्याला पोटभर खायला देऊ नये, म्हणजे गाडीत त्याला उलटी होत नाही. मागच्या सीटवर जुनी चादर अंथरून त्याला अंगपट्ट्याने बांधावे. खिडकीतून डोके बाहेर काढू देऊ नये, धूळ आणि किडे डोळ्यांत जातात. दर दोन तासांनी थांबून पाणी पाजावे आणि थोडे फिरवावे. दार उघडण्यापूर्वी साखळी हातात आहे की नाही ते पाहावे. अनोळखी रस्त्यावर कुत्री हरवतात ती बहुधा याच क्षणी.

चहासाठी थांबताना त्याला बंद गाडीत ठेवू नये. बाहेर ३० अंश तापमान असेल तर उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या आत अर्ध्या तासात ४५ अंशांच्याही वर जाते. काच बोटभर उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही.

रेल्वेने पिपरियाला उतरून पचमढीकडे किंवा दुसरीकडे जायचे असेल तर नियम आधी पाहावेत. वातानुकूलित पहिल्या वर्गात दोन किंवा चार बर्थचा पूर्ण डबा आपल्या नावावर असेल तरच कुत्र्याला बरोबर नेता येते. एरवी त्याला गार्डच्या डब्यातल्या पिंजऱ्यात ठेवावे लागते. नोंदणी पार्सल कार्यालयात होते. इतर वर्गांत कुत्र्याला परवानगी नसते. पिंजऱ्यात एकट्याने प्रवास करण्याची सवय नसलेल्या कुत्र्याला तिथे ठेवणे क्रूरपणाचे होईल, म्हणून जवळची जागा आणि स्वतःची गाडी हाच पर्याय बरा.

मोत्याची पिशवी

त्याचे सामान आपल्या सामानात मिसळू नये, वेगळी पिशवी करावी. तिच्यात पुढील वस्तू असाव्यात :

• नेहमीचे खाणे, दोन दिवसांपेक्षा एक दिवस जास्तीचे.
• घरून भरून नेलेले पाणी आणि दोन भांडी.
• मजबूत पट्टा, साखळी आणि एक जादा दोरी. पट्ट्यावर नाव आणि फोन नंबर कोरलेला बिल्ला.
• जुनी गोधडी आणि खाली घालायला गोणपाट. डिसेंबर-जानेवारीत नदीकाठची रात्र बोचरी असते आणि गारवा जमिनीतून वर येतो.
• लसीकरणाचे कार्ड आणि कुत्र्याचा अलीकडचा फोटो.
• कापूस, पट्टी, जंतुनाशक औषध, बारीक चिमटा आणि डॉक्टरांनी दिलेली औषधे.
• विष्ठा उचलण्यासाठी कागद आणि पिशव्या.

माणसांची औषधे मनाने देऊ नयेत. आपण सर्रास घेतो ती पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेऊ शकते आणि कुत्र्यालाही अपाय करते.

तंबूपाशी पोहोचल्यावर

सामान उतरवण्यापूर्वी कुत्र्याला साखळीने धरून आजूबाजूचा परिसर हुंगू द्यावा. नवी जागा तो नाकाने ओळखतो. मग सावलीतली जागा पाहून लांब दोरीने बांधावे. ही दोरी शेकोटीपर्यंत आणि पाण्यापर्यंत पोहोचणार नाही एवढीच असावी. झाडाभोवती गुंडाळून त्याला फास बसत नाही ना, याकडे अधूनमधून पाहावे.

सहलीच्या जेवणातले त्याला काय द्यायचे, यावर घरातल्या मोठ्यांनी नियंत्रण ठेवावे. कांदा, चॉकलेट, द्राक्षे आणि मनुका कुत्र्यांना विषारी असतात. शिजवलेल्या कोंबडीची हाडे मोडून टोकदार होतात आणि आतड्यात रुततात. मसालेदार रश्शातली पोळी खाऊन रात्री जुलाब झाले तर तंबूत सगळ्यांचीच पंचाईत होते. पाहुण्यांनाही प्रेमाने सांगून ठेवावे, "त्याला काही देऊ नका, त्याचे जेवण झाले आहे."

काही झालेच तर

साप : थंडीत साप कमी दिसतात, तरीही सरपण आणि दगड यांपासून कुत्र्याला दूर ठेवावे. साप चावल्याची शंका आली तर जखमेवर चिरा देऊ नये, करकचून बांधू नये. कुत्र्याला चालवू नये, उचलून गाडीत घालावे आणि चावल्याची वेळ लक्षात ठेवून तडक दवाखाना गाठावा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या विषावर माणसांना देतात तेच प्रतिविष कुत्र्यांनाही देतात. झाडपाल्याच्या उपायांत वेळ घालवणे म्हणजे त्याचा जीव घालवणे होय.

उष्माघात : कुत्र्याला घामाने अंग थंड करता येत नाही, तो धापा टाकून उष्णता बाहेर टाकतो. त्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असते. जोराची धाप, लालभडक हिरड्या, चिकट लाळ आणि झोकांड्या ही उष्माघाताची लक्षणे. त्याला लगेच सावलीत घ्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि डॉक्टरांकडे न्यावे.

चावा : भटक्या कुत्र्याने, कोल्ह्याने किंवा माकडाने मोत्याला चावे घेतले तर जखम साबण-पाण्याने भरपूर धुऊन पशुवैद्याकडे जावे, आधी लस दिलेली असली तरीही. भांडण सोडवताना माणसाला दात लागले तर ती जखम पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करावी. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर त्यावर उपाय नाही.

हरवणे : कुत्रा सुटून गेला तर सगळ्यांनी चारी दिशांना धावू नये. एकाने तंबूपाशीच थांबावे. मालकाचा वापरलेला कपडा आणि मोत्याची गोधडी तिथेच ठेवावी. वासाच्या मागाने परत येणारी कुत्री बरीच असतात. जवळच्या वस्तीत फोटो दाखवून फोन नंबर देऊन ठेवावा.

आजूबाजूच्यांचाही विचार

आपल्याला मोत्या लाडका असला तरी शेजारच्या तंबूतल्या मुलाला कुत्र्याची भीती वाटत असेल. घाटावर पूजेला आलेल्या माणसांच्या अंगावर तो उडी मारू लागला तर त्यांचा राग रास्त असतो. खेड्याजवळ शेळ्या आणि कोंबड्या मोकळ्या फिरतात. एका कोंबडीमागे धावलेल्या कुत्र्यामुळे मालक आणि गावकरी यांचे भांडण जुंपते आणि पुढच्या वेळी तिथे कोणालाच मुक्काम करू दिला जात नाही. म्हणून कुत्र्याची विष्ठा उचलणे, त्याचे भुंकणे आवरणे आणि दुसऱ्यांच्या शिध्यापासून त्याला दूर ठेवणे हे मालकाचे काम आहे.

यात मुलांना सहभागी करून घ्यावे. एकाने पाणी पाहायचे, दुसऱ्याने पिशवी सांभाळायची, अशी वाटणी करून दिली की कुत्रा पाळणे म्हणजे फक्त लाड करणे नव्हे, हे मुलांना आपोआप समजते.

परत आल्यावर

घरी आल्यावर अंघोळीपूर्वी मोत्याचे अंग बोटांनी चाचपावे. कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यात, काखेत आणि शेपटीखाली गोचीड दडलेले असतात. चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढून काढावे. रॉकेल ओतू नये, चटका देऊ नये. पुढचे दोन-तीन आठवडे लक्ष ठेवावे. ताप, मरगळ, खाण्यावरून वासना उडणे, फिकट हिरड्या किंवा गडद लघवी दिसली तर गोचीडताप असू शकतो. डॉक्टरांना जंगलात जाऊन आल्याचे आवर्जून सांगावे, म्हणजे रक्ततपासणी लवकर होते. हा ताप वेळीच ओळखला तर बरा होतो.

घरी ठेवायचे ठरले तर

सगळा विचार करून मोत्याला घरी ठेवायचे ठरले तर वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. शक्यतो त्याला त्याच्याच घरात ठेवावे आणि त्याच्या ओळखीचे कोणीतरी तिथे राहायला यावे. ते जमत नसेल तर ज्या शेजाऱ्यांकडे तो नेहमी जातो त्यांच्याकडे ठेवावे आणि त्याची गोधडी व भांडे बरोबर द्यावे. पैसे घेऊन कुत्री सांभाळणाऱ्या जागी ठेवायचे असल्यास ती जागा आधी स्वतः पाहून यावी. तिथे येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याच्या लसीचे कार्ड मागतात की नाही, ही तिची पहिली परीक्षा. जे कार्ड मागत नाहीत त्यांच्याकडे आपला कुत्रा ठेवू नये.

मोत्याला सहलीची तारीख कळत नाही, भेडाघाटचे चांदणेही कळत नाही. संध्याकाळी घरची माणसे जवळ आहेत, भांड्यात पाणी आहे आणि झोपायला उबदार जागा आहे, एवढेच त्याला कळते. हे सगळे तंबूत देता येत असेल तर त्याला जरूर न्यावे. नसेल तर दीक्षितपुऱ्यातला ओटा आणि शेजारच्या काकूंच्या हातची पोळी त्याला दोन दिवस पुरेशी आहे.